झाकणावर नाव नसलेली डब्बी

रिठद
१९ जानेवारी २०२५

रुचिका,

कशी आहेस, हे विचारत नाही. चांगली आहेस, हे आपल्या वर्गातल्या तौसीफनं सांगितलं. अमरावतीच्या हॉस्टेलचा पत्ताही त्यानंच दिला, पण फुकट नाही दिला, शिव्या घालून दिला. "लेका, पोरीनं फोनवर ब्लॉक केलं म्हंजे दरवाजा लावला. तू आता खिडकीतून कागद टाकून राह्यला." टाकतो. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही.

कॉलेज सोडून दहा महिने झाले. सगळे विचारतात काहून सोडलं, आणि मी सगळ्यांना वेगळं सांगतो. आईला सांगितलं, सर लोक बरोबर नाहीत. बाबांना सांगितलं, डी. फार्म करून शेवटी दुकानातच उभं राहायचं, तर आत्ताच राहतो. तुला खरं सांगायची गरज नाही, तू तिथं होतीस.

माझं तोंड तसंच आहे. तसंच नाही, आणखी घाण झालंय. सकाळी उठलो की उशीचा अभ्रा गालाला चिकटलेला असतो. सोडवताना खपली निघते. अभ्र्यावर पिवळे, तपकिरी, मधूनच लाल डाग. आई तो अभ्रा दोन बोटांनी उचलते आणि वेगळ्या बादलीत टाकते. माझ्या स्वतःच्या आईची दोन बोटं, रुचिका. माझा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर असतो. तेवीस वर्षांच्या माणसाला पुटकुळ्या! सोळाव्या वर्षी आल्या असत्या तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं. आता शेजारच्या ललिताबाई अंगणातून ओरडतात, "गरमी हाय व पोट्ट्याच्या अंगात, लगन लावून द्या, जाईन." कोणी म्हणतं लसूण घास. कोणी म्हणतं टूथपेस्ट लाव. आमच्या चुलत्यानं तर सकाळची स्वतःची लघवी सांगितली, आणि सांगताना दात कोरत होता. मला माणसांचीच शिसारी आली आहे.

आणि आरसा. हनुवटीवर एक गाठ आहे, आतून दुखणारी. दाबली की आधी पाणी येतं, मग पू, मग रक्त. त्याचा वास येतो. खरंच येतो. मी दाबत नाही असं ठरवतो आणि पाच मिनिटांनी बोटं तिथंच असतात.

ते सोड. मी एकच गोष्ट विसरलो नाही. वाशीमच्या बसस्टँडवर माझ्या गालावरची पुटकुळी फुटली, तू रुमाल काढून पुसलीस, आणि मग तुझा हात ओढणीला पुसलास. दोनदा पुसलास. मी मोजलं. त्यानंतर मी काय बोललो ते मला आठवत नाही.

उत्तर दे किंवा देऊ नको. एवढं सांग, तुझ्या वाढदिवसाला मी दिलेली पांढरी डब्बी तू लावतेस का? संपली असेल तर कळव.

अश्वजित


शिरपूर जैन
२ फेब्रुवारी

रुचिका,

उत्तर आलं नाही. पोस्टमनला विचारलं, तो म्हणाला, आजकाल पत्र म्हणजे नोटीस नाहीतर एटीएम कार्ड. हसला. मी त्याची कॉलर धरणार होतो, पण तोंडाला दुपट्टा बांधलेला होता आणि मारामारीत तो सुटला असता.

आता मी शिरपूरला आहे, रतनसिंगभाऊंच्या मेडिकलवर. मंदिरात येणाऱ्या लोकांच्या गाड्या दुकानासमोरच थांबतात. उलटीची गोळी, बाम, ओआरएस, आणि बायका थोड्या बाजूला आल्या की हळूच, "भाऊ, ते डब्बी हाय का?"

ही डब्बी काय ते तुला माहीत नाही. तुला मी जडीबुटी सांगितली होती. दुकानाच्या मागच्या खोलीत एक स्टीलचं पातेलं आहे. त्यात तीन ट्यूब पिळायच्या आणि चमच्यानं फेटायचं. दिसायला आईस्क्रीम. मग छोट्या पांढऱ्या डब्ब्यांत भरायचं. डब्बीवर कागद नाही, कंपनी नाही, तारीख नाही, काहीच नाही. लोकांना तेच आवडतं. छापील ट्यूबवर त्यांचा विश्वास नाही, बिननावाच्या डब्बीवर आहे. "हे डाक्टरच्या घरचं हाय," असं आपसांत सांगतात. रतनसिंगभाऊ नाही म्हणत नाहीत, हो पण म्हणत नाहीत, नुसते मिशीला हात लावतात. फेटायचं काम माझं. कॉलेजात असतानाही सुट्टीत मीच फेटायचो.

हसू नको, पण ती लावूनच मी तुला आवडलो होतो. पहिल्या वर्षी तू माझ्याशी बोलायला लागलीस तेव्हा माझा चेहरा कसा होता ते आठव. एक पुटकुळी नाही, डाग नाही. सात दिवसांत तसा झाला होता. तुला वाटलं तो माझाच चेहरा आहे. मलाही तसंच वाटलं. मग मागच्या वर्षी सोडून पाहिली आणि सगळं वर आलं; तेव्हापासून लावतो, सोडतो, परत लावतो.

आता मुख्य गोष्ट. परवा तुझी बहीण दुकानात आली होती.

मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. स्कार्फ बांधलेला, फक्त डोळे. इथं मावशीकडं आली होती, म्हणाली. पर्समधून एक रिकामी डब्बी काढून काउंटरवर ठेवली. "अशीच पायजे. ताईनं आणली होती, शिरपूरची हाय म्हणे." मी डब्बी उलटी केली. बुडाला सेफ्टी पिनेनं कोरलेलं होतं, रु. ते मीच कोरलं होतं, तुझ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

मी तिला सांगितलं, आता मिळत नाही, बंद झाली. तिला परत पाठवलं. एवढंच झालं.

तू ती लावलीस की नाही, हे मात्र तिनं सांगितलं नाही.

अश्वजित


वाशीम, बसस्टँड
१८ फेब्रुवारी

रुचिका,

हे मी बाकावर बसून लिहितो आहे. त्याच बाकावर. रिसोडची गाडी लागायची आहे.

आज सरकारी दवाखान्यात गेलो होतो, कातडीच्या ओपीडीत. हौसेनं गेलो नाही. परवा दुपारी शेतातून आलो तर तोंड असं पेटलं की हौदात बुडवून धरलं. ऊन तोंडाला लागलं की कातडी सोलल्यासारखी होते. गालावर बायकांच्या गालावर नसावी तशी आणि पुरुषांच्या गालावरही नसावी तशी लव आलीय, बारीक, मऊ. नाकाच्या बाजूला लाल रेघा दिसतात, नकाशात नद्या काढतात तशा. आईनं पाहिलं आणि ती रडली नाही, चिडली. म्हणाली, "दवाखान्यात जातं का मी ओढत नेऊ?"

रांगेत खरूज, गजकर्ण, पायाच्या भेगा. प्रत्येक जण खाजवत होता. बाजूच्या म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं आणि बाकावर थोडा सरकला. ज्याच्या सगळ्या पोटावर गजकर्ण होतं तो मला पाहून सरकला!

डॉक्टर मॅडम आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. दुपट्टा सोडायला लावला. मोबाईलचा उजेड लावून जवळून पाहिलं. विचारलं, "काय लावत होतास?"

"काही नाही."

"क्रीम? मलम? डब्बी?"

"काही नाही मॅडम, फक्त साबण."

त्यांनी माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडं वळवलं. गाठीवर बोट दाबलं. ती फुटली. त्यांच्या हातमोज्यावर सगळं आलं. त्यांनी कापूस घेतला, माझा गाल पुसला, मग आपला हात पुसला, आणि लिहायला लागल्या.

रुचिका, त्यांनी हात पुसला. मला राग आला नाही. हात पुसतातच. घाण लागली की माणूस हात पुसतो, आणि आधी त्यानं हात लावलेला असतो. हे मला कळायला अकरा महिने आणि एक सरकारी केसपेपर लागला.

मग मी खरं सांगितलं. तिन्ही ट्यूबची नावं सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. "एवढी नावं तुला कशी पाठ?" मी म्हणालो, मेडिकलवर असतो. "शिकलास काय?" मी म्हणालो, डी. फार्म, अर्धं.

मग त्या बोलल्या ते लिहितो, कारण तुझ्याही कामाचं आहे. पहिली ट्यूब स्टेरॉईड. रोज तोंडाला लावलं की आठ दिवसांत चेहरा चमकतो, कारण सूज दबते. आतून कातडी पातळ होत जाते. मग बंद केलं की सगळं दुप्पट जोरानं वर येतं. माणूस घाबरतो, परत लावतो. "हे दोन-तीन आठवडे आता तोंड आणखी भडकेल. तेव्हा तू डब्बीकडे पळशील. सगळे तिथंच हरतात." म्हणून गोळ्या दिल्या, जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. साधं मॉइश्चरायझर. उन्हाचं जेल, बाहेर पडताना. लसूण नाही, लिंबू नाही, घासणं नाही, दाबणं नाही. दीड महिन्यानं परत दाखवायचं, मग पुटकुळ्यांचं खरं औषध सुरू होईल, वाटाण्याएवढं, एक दिवसाआड. तीन-चार महिने लागतील. "लवकर बरं करतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नको," त्या म्हणाल्या. तो लवकर बरं करणारा मीच होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

स्टेरॉईड आपल्याला शिकवलं होतं, नाही का? पहिल्या वर्षी. कॉलेजच्या मॅडम फळ्यावर लिहीत होत्या, तू उतरवून घेत होतीस, आणि मी तुझ्या वेणीकडं बघत होतो.

गाडी लागली.

अश्वजित


रिठद
२३ फेब्रुवारी

रुचिका,

दोन खोट्या गोष्टी सुधारतो.

पहिली. बसस्टँडवर मी काय बोललो ते मला आठवत नाही, असं लिहिलं होतं. शब्दन् शब्द आठवतो. तू हात पुसलास आणि मी सगळ्यांसमोर ओरडलो, "मह्या तोंडाची घाण वाटते का तुले? आधी सोताचं काळं थोबाड पाय! म्हणून तर डब्बी देल्ली होती तुले, उजळशीन म्हणून." पानटपरीवरचे लोक हसले. तू रुमाल बाकावर ठेवलास आणि कारंज्याच्या गाडीत बसलीस. रुमाल माझ्याकडं आहे. धुतला नाही, असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. आईनं धुतला.

वाढदिवसाला मी तुला भेट दिली नव्हती. तुझा रंग मला चालत नाही, हे डब्बीत भरून दिलं होतं. तू विचारलंस, "यात काय हाय?" आणि मी म्हणालो, जडीबुटी. ज्याच्यावर मरतो म्हणतो त्याच्याच तोंडाला विष देतो. माझीच मला घाण वाटते. चेहऱ्याची नाही. चेहरा धुता येतो.

दुसरी. तुझ्या बहिणीला मी परत पाठवलं नाही.

मी रु कोरलेली डब्बी हातात घेऊन विचारलं, "ताई लावते का?" ती हसली. "कुठची! ताईनं तर फेकायले काढली होती. मी कचऱ्यातून उचलली. आठ महिने झाले, थोडी थोडी लावून पुरवली. आता मे महिन्याच्या चार तारखेले लगन हाय माझं, आता जास्त लागन." तिनं स्कार्फ सोडून दाखवला. रुचिका, गुळगुळीत चेहरा, गुलाबी. अगदी माझ्या पहिल्या वर्षीसारखा. मला तो चेहरा ओळखीचा वाटला आणि भीती वाटली. मला पूर्ण माहीत नव्हतं, पण अर्धं माहीत होतं. सोडली की येते, लावली की जाते, एवढं माझ्याच तोंडावर लिहिलेलं होतं. माझं सगळं शिक्षणच अर्धं.

पण त्यापेक्षा जास्त मला ऐकू आलं ते "फेकायले काढली होती". राग आला. वाटलं, तू फेकलीस ना, मग तुझ्याच घरात लावली जाऊ दे. आणि असंही वाटलं, ही परत येईल, हिच्या तोंडून तुझी खबर मिळेल. म्हणून मी दोन डब्ब्या दिल्या. वर सांगितलं, "दिवसातून दोनदा लावा. लगनापर्यंत एक दिवस चुकवू नका."

आता कळलं का मी हे कायले लिहून राह्यलो? प्रेमाचं काही नाही यात. तिला थांबव. आज बंद केली तर चेहरा भडकेल, पण दवाखान्यात दाखवून, त्यांच्या सांगण्यानं उतरवली तर लग्नापर्यंत थोडा सावरेल. लग्नानंतर बंद करू म्हणाली तर आणखी वाईट. तिला एकटीनं बंद करू देऊ नको, एकटीनं बंद केली की माणूस परत लावतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी बंद करून आजचा पाचवा दिवस आहे, आणि मी काल पातेल्यात बोट घालून परत काढलं.

हे पत्र मिळालं की बहिणीला, स्नेहाला, फोन कर. मला करू नको.

अश्वजित


धनजवरून परतताना, कारंजा
९ मार्च

रुचिका,

स्नेहाचा फोन स्पीकरवर होता, म्हणून तुला अर्धं माहीत आहे. बाकीचं सांगतो.

पंधरा दिवस वाट पाहिली. तौसीफला म्हणालो, तू फोन करून सांग तिला. तो म्हणाला, "मैं क्यूं सांगू? डब्बी तू बनवली, तोंड तू दाखव. और वो दुपट्टा निकालके जा, डाकू दिखता है." तर आज सकाळची गाडी धरली आणि धनजला तुमच्या घरी गेलो.

दारात तुझी आई, भागिरथाबाई. ओळख नाही, पाळख नाही, तरी आधी पाण्याचा ग्लास दिला. "कोण हाय रे बावा तू? तोंड सोड आधी." मी दुपट्टा सोडला. मॅडमनी सांगितलं तसंच झालेलं आहे, आता सगळ्यात वाईट दिवस चालू आहेत. तोंड म्हणजे चिखलात पाय रुतून गेल्यावर राहतं तसं. भागिरथाबाई "अगं माय वं" म्हणाल्या आणि पदर नाकाला लावला. मी म्हणालो, "काकू, शिरपूरच्या मेडिकलवरून आलो. स्नेहाताईला डब्बी मीच देल्ली. ती लावू नका. लावली का असं होते." त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा घराकडं. मग अर्धा प्यालेला ग्लास माझ्या हातातून काढून घेतला आणि उरलेलं पाणी तुळशीला नाही, नालीत ओतलं.

स्नेहा बाहेर आली. हातात पीठ. "अवं, दुपट्ट्यावरून वळखला, हा तर दुकानवाला. काय झालं? पैसे कमी देल्ले का मी?"

"डब्बी बंद करा."

"कायले? तुमीच म्हणले होते दोनदा लावा, एक दिवस चुकवू नका."

"म्हणलं होतं. खोटं म्हणलं."

"बंद केली तर काय होईन?"

मी बोट माझ्या तोंडाकडं केलं.

"अन् नाई केली तर?"

"असंच. पण उशिरा, अन् जास्त."

ती हसायला लागली. राग आल्यावर तुम्ही दोघी बहिणी सारख्याच हसता. "वा रे वा! म्हंजे दोनी बाजूनं मी मेली. मी नाई बंद करत. लगन होऊ दे, फोटो निघू दे, मंग पाहू. पोराकडचे बघून गेले तेव्हा म्हणले, पोरगी कशी उजळ हाय. आता असं तोंड घेऊन उभी राहू का मंडपात? तुमचं बरं हाय, दुपट्टा बांधला का झालं. मी बाशिंग बांधू का तोंडावर?"

मग मी मोबाईल काढला आणि एक फोटो दाखवला. मागच्या फेब्रुवारीतला, कॉलेजच्या गेटसमोरचा. "हा मी. पहा. तुमच्यासारखाच होता चेहरा. गुळगुळीत. गुलाबी. एक वर्ष झालं फक्त."

तिनं फोटो मोठा केला. आधी फोटोतला माझा चेहरा पाहिला, मग माझं आत्ताचं तोंड. परत फोटो. मग बोटानं फोटो बाजूला सरकवला आणि माझ्याशेजारी उभी असलेली तू दिसलीस.

"अस्सं," ती म्हणाली. "तो तू हाय. बसस्टँडवाला."

तुमी संपलं, तू सुरू झालं. बरोबर केलं तिनं. भागिरथाबाईंना कळलं नाही, पण त्यांनी खराटा उचलून बाजूला ठेवला, हाताला येईल असा.

"ताईले सांगितलं का?" स्नेहानं विचारलं.

"चार पत्रं टाकली."

"ताई वाचत नाई तुही पत्रं. मले सांगितलं तिनं. गादीखाली ठेवते, फोडत नाई." मग वर म्हणाली, "फाडत बी नाई."

चार पत्रं, रुचिका. मी त्यात माझी सगळी घाण ओतली आणि तू त्यावर झोपत होतीस. मला खूप राग यायला हवा होता. मी म्हणालो, "फोन लावा. सांगा, बाकीचे राहू दे, चौथं फोड."

तिनं पिठाच्या हातानं फोन लावला. तुझा आवाज मी जवळजवळ वर्षानं ऐकला. "काय व?" एवढाच. मग स्नेहानं सांगितलं. मग कागद फाटल्याचा आवाज. मग पान उलटल्याचा. माझ्या गालावरून घाम वाहत होता आणि झोंबत होता, पण मी पुसला नाही. शेवटी तू म्हणालीस, "स्नेहा, मी उद्या येतो. तोवर त्या डब्बीले हात लावू नको. आपण दवाखान्यात जाऊ." आणि मग, "तो तिथंच हाय का?"

"हाय."

"जा म्हणा त्याले."

गेलो.

अश्वजित


रिठद
१३ एप्रिल

रुचिका,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननं आरडाओरड करत आणून दिलं, सगळ्या आळीनं वाचलं असणार. वर्षभर मी ज्याची वाट पाहिली ते उत्तर असं असेल हे वाटलं नव्हतं. पाठ झालंय, तरी इथं लिहितो, म्हणजे मी बरोबर वाचलं का ते तुला कळेल.

"स्नेहाची डब्बी बंद आहे. दवाखान्याची औषधं चालू आहेत. चेहरा तुझ्यासारखा झालाय. मुलाला तिनंच फोटो पाठवून सांगितलं. लग्न ठरल्याप्रमाणे ४ मे रोजीच आहे. मला औषध निरीक्षकांकडं तक्रार द्यायची आहे. एक भरलेली डब्बी पाठव. त्यात काय आहे आणि कोण बनवतं ते सहीनिशी लिहून दे. रुचिका."

कार्ड घेऊन मी आधी रतनसिंगभाऊंकडं गेलो. म्हटलं, भाऊ, पातेलं बंद करा, तक्रार जाणार आहे. ते म्हणाले, "कोणाची तक्रार? पेशंटची?" मी म्हणालो, माझी. ते मिशीला हात लावून हसले. "लिही बेटा. पण खरं लिही. दुकान माझं, ट्यूब माझ्या. हात कोणाचे होते?"

मला त्यांची मान धरायची होती. एक वर्षापूर्वी धरलीही असती. पण ते खोटं बोलत नव्हते. काउंटरसमोर एक बाई उभी होती, स्कार्फ बांधून, डब्बीसाठी. मी माझा दुपट्टा सोडला आणि तिला म्हणालो, "मावशी, हे पाहा, अन् मंग ठरवा." ती काही न घेता गेली. भाऊंनी मला दुकानातून काढलं. मागच्या खोलीत माझा जेवणाचा डबा होता, तो घ्यायला गेलो आणि आधी भरून ठेवलेल्यातली एक डब्बीही उचलली. ती सोबत पाठवतो.

आता लिहून देतो.

मी अश्वजित गोविंदा इंगोले, वय तेवीस, राहणार रिठद, तालुका रिसोड. डी. फार्म अर्धवट सोडलेला. शिरपूर जैन येथील रतनसिंग यांच्या औषध दुकानात मागच्या खोलीत एक स्टेरॉईडचं मलम, एक डाग घालवायचं मलम आणि कोल्ड क्रीम एकत्र करून या डब्ब्या मी माझ्या हातानं भरल्या. ट्यूबांची नावं आणि प्रमाण वेगळ्या कागदावर जोडलं आहे. दोन वर्षं भरल्या. किती भरल्या ते सांगता येणार नाही. कोणाही डॉक्टरची चिठ्ठी न पाहता त्या विकल्या. घेणाऱ्याला आत काय आहे ते सांगितलं नाही. एका मुलीला जडीबुटी म्हणून सांगितलं. तिच्या बहिणीला बंद करू नका म्हणून सांगितलं. हे दुकानदारानं सांगितलं म्हणून नाही, माझ्या मनानं सांगितलं. बोलावतील तिथं येईन.

सही केली आहे.

एवढं निरीक्षकांसाठी. पुढचं तेवढं फाडून घे.

दीड महिन्याचं दाखवून आलो. मॅडमनी नवीन औषध दिलं, वाटाण्याएवढं. झोंबतं, पापुद्रे निघतात. पू कमी झालाय. खड्डे राहतील म्हणाल्या, काही. आई आता अभ्रा पूर्ण हातानं उचलते. मी पाहतो ते तिला कळतं, म्हणून जास्तच चोळून धुते. स्नेहाला सांग, तिसऱ्या आठवड्यानंतर उतरायला लागतं. माझं उतरलं. मुलानं फोटोला काय उत्तर दिलं, ते मला विचारायचा हक्क नाही, पण लग्न आहे म्हणालीस, तेवढं पुरे.

माझं नाव तुझ्या नावाशेजारी कुठंतरी लिहिलं जावं, असं मला दोन वर्षं वाटायचं. आता तक्रारीच्या कागदावर दोन्ही येतील, तू वर, मी खाली. डब्बीच्या झाकणावरही पक्क्या शाईनं पूर्ण नाव टाकलंय, म्हणजे बनवणारा कोण हे कोणी विचारू नये. पुसून पाहिलं, निघत नाही.

झाकण मात्र नीट बसत नाही, वाटेत थोडं बाहेर येईल. पार्सल उघडताना हाताला लागलं तर लगेच पुसून घे. दोनदा पूस.

अश्वजित